लष्करी विमानांचं संग्रहालय कसं पाहावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विमान संग्रहालयात पहिल्यांदा गेलेला माणूस पहिल्या विमानापाशी दहा मिनिटं थांबतो, दुसऱ्यापाशी पाच, आणि तिथून पुढे नुसता चालत राहतो. प्रत्येक विमानासमोर एक फोटो, पाटीवर ओझरती नजर, की पुढे. दोन तासांनी पायांचे तुकडे पडतात आणि डोक्यात सगळे पंख, सगळी शेपटं एकमेकांत मिसळून गेलेली असतात. माझ्या पहिल्या दोन्ही भेटी अशाच झाल्या. तिसऱ्या वेळी एका चिमुकल्या जेट विमानाशेजारी सहज उकिडवा बसलो, पोटाखाली डोकावलो, आणि पाऊण तास तिथून हललो नाही. ते विमान होतं नॅट. त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

तेव्हापासून मी सगळं बघायचा नाद सोडला. चार-पाच विमानं निवडायची आणि त्यांच्याजवळ थांबायचं. लढाऊ विमानावरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक भोक, प्रत्येक विचित्र वळण हा कुठल्या ना कुठल्या अडचणीवरचा तोडगा असतो. ती अडचण कोणती हे ओळखायला शिकलात, तर पाटी वाचण्याआधीच अर्धी गोष्ट कळलेली असते.

निघण्याआधी

अशी बरीच संग्रहालयं हवाई तळाच्या आवारात किंवा त्याला लागून असतात. दिल्लीतलं भारतीय वायुदलाचं संग्रहालय पालमच्या तळावर आहे, गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय दाभोळीच्या धावपट्टीजवळ बोगमाळोच्या वाटेवर आहे, आणि अमेरिकेतल्या डेटनचं वायुदल संग्रहालय राइट-पॅटरसन तळावर आहे. त्यामुळे तीन गोष्टी आदल्या दिवशीच पक्क्या करा: साप्ताहिक सुट्टीचा वार कोणता, फाटकावर कोणतं ओळखपत्र लागतं, आणि फोटोला परवानगी कुठवर आहे. समारंभ किंवा बंदोबस्त असेल तर नेहमीच्या वारीही दार बंद मिळू शकतं. तळाच्या बाजूला, कुंपणापलीकडे कॅमेरा रोखू नका. हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि तो गंभीरपणे पाळला जातो.

बरोबर फार काही लागत नाही. दोन वस्तू मात्र न विसरता घ्या. पहिली म्हणजे लहान टॉर्च. चाकांच्या खोबणीत, इंजिनाच्या तोंडात, बॉम्ब ठेवायच्या कप्प्यात अंधार असतो, आणि बघण्यासारखं बरंचसं तिथेच असतं. दुसरी म्हणजे वही-पेन्सिल. विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक लिहून घेतलात, तर घरी आल्यावर त्याच एका विमानाचा इतिहास शोधता येतो. बूट जुने, पायात मुरलेले घाला, कारण हँगरची जमीन काँक्रीटची असते आणि तीन तास उभं राहायचं असतं.

पहिली फेरी कॅमेरा खिशात ठेवून

आत शिरल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नुसती चक्कर मारा. थांबायचं नाही, वाचायचं नाही. फक्त निवड करायची. माझा ठोकताळा असा: एक कापडी कातडीचं जुनं द्विपंखी विमान, एक पंख्याचं लढाऊ विमान, एक सुरुवातीच्या काळातलं जेट, एक आवाजाच्या वेगापलीकडे जाणारं, आणि एक असं की ज्याचं नावही तुम्ही कधी ऐकलेलं नाही. हे पाचवं बहुधा दिवसाचं सर्वात चांगलं विमान ठरतं.

प्रसिद्ध विमानाभोवती गर्दी असेल तर ते शेवटी ठेवा. माणसं प्रवेशद्वाराजवळ गोळा होतात आणि पुढे पांगतात. मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली तर पहिला तास निवांत मिळतो.

पाटी वाचा, पण तिच्यात एक शब्द शोधा

पाटीवर वेग, उंची, वजन असतं. ते आकडे घरीही मिळतात. तुम्हाला शोधायचंय ते हे, की समोरचं विमान स्वतः एखाद्या युद्धात होतं, की ते दुसऱ्या एखाद्या विमानाच्या रंगात रंगवलेलं आहे? ‘अमुक स्क्वॉड्रनच्या रंगसंगतीत’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल, तर समजायचं की हा वेष आहे, अंग वेगळं आहे. त्यात फसवणूक काही नाही, संग्रहालयांची ती जुनी रीत आहे. पण जे विमान खरोखर तिथे होतं, त्याच्याजवळ उभं राहण्यात काही वेगळंच आहे.

लंडनजवळच्या हेंडनला ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयात आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर बॉम्बर विमान आहे. त्याच्या नाकाशेजारी लहान लहान बॉम्बची चित्रं ओळीने रंगवलेली आहेत, एका मोहिमेला एक. मोहिमा 137. त्या ओळींखाली ‘शत्रूचं एकही विमान आमच्या देशावरून उडणार नाही’ ही हिटलरचा वायुदलप्रमुख गोअरिंग याची बढाई विमानाच्या माणसांनी रंगवून ठेवली आहे. आधी ते वाचून हसू येतं. मग चित्रं मोजायला लागा. एकेक चित्र म्हणजे सात माणसांची एक मोहीम, बहुतेक रात्रीची, जिथून परत येण्याची खात्री नव्हती. ब्रिटिश बॉम्बर दलातली 55,000हून अधिक माणसं दुसऱ्या महायुद्धात गेली, आणि हे विमान मात्र 137 वेळा परत आलं.

दुरुस्ती किती झाली आहे, हेही बघा. नॉर्वेतल्या एका तळ्याच्या तळातून 1973 साली बाहेर काढलेलं हॅलिफॅक्स बॉम्बर विमान हेंडनच्या लोकांनी मुद्दाम नवं केलं नाही. पाण्याने खाल्लेला पत्रा, वाकलेल्या कडा, सगळं तसंच ठेवलं. उलट 1985 साली स्कॉटलंडच्या लॉख नेसमधून वर काढलेल्या वेलिंग्टन बॉम्बर विमानावर इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स संग्रहालयात वर्षानुवर्षं काम झालं. त्यामुळे त्याचा धातूच्या पट्ट्यांचा जाळीदार सांगाडा, टोपलीसारखा विणलेला, आज उघडा बघता येतो. दोन्ही निर्णयांमागे विचार आहे. मला स्वतःला न रंगवलेलं, जखमी विमान जास्त जवळचं वाटतं.

आता कातडीकडे

विमानाच्या कडेने, त्याला हात न लावता, शेपटीपासून नाकाकडे चालत जा आणि फक्त पृष्ठभाग बघा. जुन्या द्विपंखी विमानाचं अंग म्हणजे सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. त्यावर विशिष्ट रोगण फासलं की ते आखडतं आणि ढोलाच्या कातड्यासारखं ताठ होतं. भारतीय वायुदलाचं पहिलं विमान वापिटी याच जातीचं. 8 ऑक्टोबर 1932 ला वायुदल अस्तित्वात आलं, आणि 1 एप्रिल 1933 ला कराचीत पहिल्या तुकडीची सुरुवात झाली ती चार वापिटींवर. पालमला वापिटी बघायला मिळतं. उजेडाच्या बाजूने तिरकं बघितलं की कापडाखालच्या फासळ्या दिसतात.

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान हरिकेन हे मधल्या पायरीवरचं. पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा, कॉकपिटच्या मागचा भाग अजून कापडीच. कापडाच्या आतल्या लाकडी पट्ट्या बाहेरून उभ्या रेषांसारख्या जाणवतात. आधुनिकतेच्या मापाने हे मागासलेलं. पण तिथे लागलेली गोळी बरेचदा आरपार जायची, आणि ठिगळ लावून विमान पुन्हा उडायला तयार व्हायचं.

त्याच्या शेजारी त्याच काळातलं स्पिटफायर असेल (बरेचदा असतं), तर रिव्हेट तपासा. पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी कुठे गोल, वर आलेली असतात, तर कुठे पत्र्यात सपाट बसवलेली. सपाट रिव्हेट हवेला अडत नाहीत, पण ते बसवायला वेळ आणि खर्च जास्त. मग सगळीकडे सपाट हवेत, की थोडी जागा सोडता येईल? स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर याची परीक्षा घेतली गेली ती डाळीने. प्रत्येक सपाट रिव्हेटवर वाटाण्याची एकेक डाळ चिकटवली, म्हणजे गोल डोक्याचा रिव्हेट तयार झाला. विमान उडवलं तर कमाल वेग ताशी सुमारे 35 किलोमीटरने घटला. मग भागाभागातली डाळ खरवडत, पुन्हा पुन्हा उडवत, कुठली डाळ महागात पडते आणि कुठली चालून जाते ते शोधून काढलं. पंखाची पुढची धार निरखताना ही डाळ आठवा.

व्हँपायर जेट दिसलं तर आणखी एक गंमत आहे. जेट युगातलं विमान, पण वैमानिक बसतो तो पुढचा भाग प्लायवुड आणि बाल्साच्या लाकडाचा! शेपूट दोन दांड्यांवर वेगळं बसवलंय, कारण सुरुवातीच्या जेट इंजिनाचा जोर बेताचा होता आणि त्याची धुराची नळी आखूड ठेवणं गरजेचं होतं. दोन दांडे हा दिखावा नाही, तो इंजिनाच्या अशक्तपणावरचा उपाय आहे.

हवा कुठून आत जाते?

कुठल्याही जेटसमोर उभं राहून हा एक प्रश्न विचारा. बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

मिग-21चं उदाहरण घ्या. 1963 साली ते भारतीय वायुदलात आलं आणि जगभरात त्याची दहा हजारांहून अधिक विमानं बनली, त्यामुळे ते कुठल्या ना कुठल्या संग्रहालयात भेटतंच. नाकाला गोल तोंड आहे आणि त्या तोंडातून एक टोकदार शंकू बाहेर आलाय. हा शंकू कशासाठी? विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जात असलं तरी इंजिनाच्या आतल्या पात्यांना इतक्या वेगाची हवा चालत नाही, ती आवाजाच्या वेगाखाली आणूनच द्यावी लागते. शंकूच्या टोकावर हवेत धक्क्याची लाट तयार होते आणि हवेचा वेग तिथे कमी होतो. वेग बदलला की लाटेची जागा बदलते, म्हणून शंकू पुढे-मागे सरकतो. आणि जागा वाया घालवायची नाही म्हणून रडार त्याच शंकूत बसवलंय. आता शेजारी मिग-29 असेल तर बघा: रडार मोठं झालं, नाक त्याने व्यापलं, हवेची तोंडं पंखाखाली गेली. जमिनीवर धावताना खडे-माती आत जाऊ नये म्हणून ती तोंडं चक्क दारांनी बंद होतात आणि इंजिन पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या झडपांतून श्वास घेतं. टॉर्च घेऊन त्या झडपा शोधाच.

गोव्याच्या संग्रहालयात सी हॅरियर बघताना उलट प्रश्न विचारा, हवा बाहेर कुठून पडते? मागे नळीच नाही. दोन्ही कुशींत मिळून चार तोंडं आहेत आणि ती फिरतात. खाली वळवली की विमान उभ्याउभ्या तरंगतं. म्हणूनच जहाजावर उतरताना दोराला अडकणारा आकडा याला लागत नाही, जो शेजारच्या सी हॉक आणि आलिझेला असतो. शेपटीखाली वाकून खात्री करून घ्या.

पंख्याच्या विमानांबद्दल थोडक्यात. गोलाकार मांडणीचे सिलिंडर हवेने थंड होतात, म्हणून विमानाचं नाक बोथट. एका ओळीतले सिलिंडर पाण्याने थंड होतात, म्हणून नाक निमुळतं, पण मग पंखाखाली किंवा पोटाखाली कुठेतरी रेडिएटर शोधा. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांत पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं! ज्या विमानाच्या इंजिनाखाली तेलाचा ट्रे ठेवलेला दिसेल, ते विमान अजून उडत असण्याची शक्यता मोठी. नुसतं मांडून ठेवलेल्या विमानांतलं तेल बहुधा काढून टाकलेलं असतं.

चाकांपाशी बसा

हा माझा सर्वात आवडता भाग, आणि तो बहुतेक लोक चुकवतात, कारण त्यासाठी खाली बसावं लागतं.

स्पिटफायरची चाकं पंखांच्या मुळाशी बसवलेली आणि बाहेरच्या दिशेने मिटणारी, त्यामुळे दोन चाकांतलं अंतर कमी. ओबडधोबड धावपट्टीवर ते डुलायचं. हरिकेनची चाकं लांब-लांब, आत मिटणारी, त्यामुळे ते भक्कम उभं राहायचं. दोघांचं इंजिन एकाच घराण्यातलं, पण नव्या वैमानिकाला कोणतं सोपं जाणार, हे चाकांतच लिहिलेलं आहे. लायसँडर नावाचं उंच पंखाचं विमान तर चाकं आत घेतच नाही. धिप्पाड पाय, त्यावर आवरणं, आणि युद्धात रात्री फ्रान्सच्या शेतांत उतरून हेरांना सोडायचं आणि घेऊन यायचं त्याचं काम. चाकं मिटवण्याची यंत्रणा त्यात बसवली असती तर ते वेगवान झालं असतं कदाचित, पण नांगरलेल्या शेतात टिकलं नसतं.

आणि मग नॅट. पालमला आहे, ब्रिटनमधल्या संग्रहालयांत आहे, कराचीतल्या पाकिस्तानी वायुदलाच्या संग्रहालयातही 1965च्या युद्धात हाती लागलेलं एक भारतीय नॅट ठेवलेलं आहे. लांबी पावणेनऊ मीटर, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत 6.73 मीटर. एखाद्या मोठ्या मोटारीसारखं वाटतं. शेपटीचं टोकदेखील अडीच मीटरच्या आत आहे. एवढ्याशा अंगात सगळं बसवायचं म्हणजे एकेका भागाला दोन-दोन कामं करावी लागणार. उडताना वेग कमी करायला विमानाला हवेत ब्रेक लागतो. मोठ्या विमानात त्यासाठी पाठीवर किंवा पोटावर वेगळ्या फळ्या असतात. नॅटमध्ये त्या शोधल्या तर सापडत नाहीत. चाकांची दारं अर्धवट उघडली की तीच ब्रेक! उकिडवं बसून मी बघत होतो ती हीच दारं. त्यांच्या कडा, त्यांचे जाड बिजागर. चाक झाकण्यापुरतं दार एवढं भक्कम कशाला, असा प्रश्न पडला होता, आणि उत्तर समोरच होतं.

याच विमानात बसून 14 डिसेंबर 1971 ला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उड्डाण केलं आणि पाकिस्तानी सेबर विमानांच्या तुकडीला एकट्याने भिडले. ते परत आले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. वायुदलात हा सन्मान आजवर त्यांना एकट्यालाच मिळाला आहे. कॉकपिटच्या काचेकडे बघून तिथे माणूस किती घट्ट बसत असेल याचा अंदाज घ्या.

आणखी एक धागा सापडतो तो पालमसारख्या ठिकाणी. लायसँडर, कॅनबेरा बॉम्बर आणि नॅट ही तीन विमानं एकमेकांशी काही म्हणता काही नातं सांगत नाहीत. पण तिन्ही एकाच अभियंत्याच्या हातची आहेत, टेडी पेटर यांच्या. शेतात उतरणारं विमान, दूरवर आणि उंचावरून जाणारं जेट बॉम्बर आणि मोटारीएवढं लढाऊ विमान! तिघांमध्ये सारखं काय ते शोधत बसायला मला आवडतं. मला वाटतं, नको असलेलं काहीही अंगावर न ठेवणं हेच.

चाकांचा विषय जिथे संपतो ते विमान म्हणजे ओहका. जपानी भाषेत चेरीचा मोहोर. पालमला एक आहे, ब्रिटन-अमेरिकेतही आहेत. लहान पंख, मागे रॉकेट, पुढे 1,200 किलोचा स्फोटक भार, आणि मध्ये माणसाला बसायला जागा. पोटाखाली चाकं शोधा. नाहीत. मोठ्या विमानाच्या पोटाला बांधून ते नेलं जायचं आणि लक्ष्याजवळ सोडलं जायचं. उतरायचंच नव्हतं, म्हणून चाकं नाहीत. मुलं बरोबर असतील तर ती विचारतातच की हे खाली कसं यायचं. खरं उत्तर द्या, वयाला झेपेल अशा शब्दांत. ही यंत्रं माणसं मारायला आणि माणसं वाचवायला बनली, ते लपवून ठेवून त्यांचं कौतुक करता येत नाही.

मोठ्या विमानाखाली

बी-24 लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बर. पंखविस्तार साधारण साडेतेहतीस मीटर, म्हणजे पाच नॅट पंखाला पंख लावून उभी केली तर तेवढी जागा भरेल. पंख मात्र लांब आणि अरुंद, दूर जाण्यासाठी. बॉम्बच्या कप्प्याची दारं बघा. ती बाहेर उघडत नाहीत, शटरसारखी गुंडाळत विमानाच्या कुशीवर सरकतात, म्हणून उघडताना हवेला अडथळा कमी.

या विमानाची गोष्ट भारताशी जोडलेली आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला अशी अनेक विमानं टाकून दिलेली होती, ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कंपनीच्या माणसांनी त्यांतलीच जुळवाजुळव करून चाळीसएक विमानं उभी केली. जुजबी दुरुस्ती करून ती बंगळुरूला उडवत नेली आणि तिथे त्यांचं नीट काम केलं. वायुदलात ती 1968 पर्यंत राहिली. जगात अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली होती, पण बाकी देशांनी ती केव्हाच भंगारात काढली. त्यामुळे नंतर ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा ते भारताकडून मिळालं. परदेशातल्या एखाद्या संग्रहालयात लिबरेटरसमोर उभे राहिलात तर पाटीवरचा इतिहास वाचा. बऱ्याचदा तिथे भारताचं नाव सापडतं.

रंग आणि खुणा

गोल चिन्ह कुठल्या देशाचं हे ओळखणं सोपं, पण त्यात बारकावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकला गेला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपल्याच विमानावर गोळ्या सुटण्याची भीती होती. अशा निळ्या-फिकट निळ्या चिन्हाचं विमान दिसलं की आघाडी लगेच कळते.

अंगावरचं बारीक लिखाण वाचा. ‘इथे पाय ठेवू नका’, इंधन भरायची जागा, कॉकपिटजवळचा लाल त्रिकोण म्हणजे आत स्फोटकाने उडणारी आसनं आहेत हा इशारा. वैमानिकासाठी नाही, हे सगळं जमिनीवरच्या माणसांसाठी आहे. रात्री, पावसात, हातात पाना घेऊन काम करणाऱ्यांसाठी.

हात, मुलं, फोटो

हात लावू नका. घामातल्या क्षारांनी धातू खराब होतो, कापड फाटतं. जुन्या कॉकपिटमधल्या काही घड्याळांच्या आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो, म्हणूनही बरेच कॉकपिट बंद ठेवतात. मुलांना घेऊन जाताना नाकावरच्या किंवा पंखावरच्या बारीक नळीपासून जपा. ती वेग मोजण्यासाठी असते आणि नेमकी लहानांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. पंखांच्या मागच्या कडा मोठ्यांच्या कपाळाच्या उंचीवर असतात, तेव्हा वर बघत मागे सरकू नका.

फोटो काढताना आधी पाटीचा काढा, मग विमानाचा. नाहीतर घरी गेल्यावर कुठलं कुठलं ते कळत नाही. गुडघ्यावर बसून, नाकाच्या थोडं बाजूने काढलेला फोटो उभ्याने काढलेल्यापेक्षा नेहमी चांगला येतो. काचेवर फ्लॅश नको. आणि अख्ख्या विमानाचा एक झाला की बाकीचे बारकाव्यांचे घ्या: एक बिजागर, बंदुकीच्या तोंडाशी जमलेली काजळी, झिजलेली पायरी.

तिथल्या माणसांशी बोला

अनेक संग्रहालयांत निवृत्त वैमानिक किंवा तंत्रज्ञ वाटाडे म्हणून भेटतात. ‘हे किती वेगाने जायचं?’ हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलाय. त्याऐवजी विचारा, ‘या विमानात काम करताना सगळ्यात त्रास कशाचा व्हायचा?’ तंत्रज्ञ असेल तर हात दाखवून सांगतो, की या फटीतून हात घालून अमुक बोल्ट काढावा लागायचा, कोपर सोलून निघायचं. मग ते विमान काही वेगळंच दिसायला लागतं. वयस्कर माणसाशी बोलताना घाई करू नका. आठवणी यायला वेळ लागतो, आणि काही आठवणी सांगायच्या नसतात. ते थांबले तर तुम्हीही थांबा.

भिंतीवर किंवा दगडावर नावांची यादी असेल तिथे टोपी काढून दोन मिनिटं उभे राहा. सेल्फी तिथे नको.

निघताना

दाराकडे जाण्याआधी सकाळच्या पहिल्या विमानाकडे परत जा. दहा मिनिटंच. वहीतला क्रमांक शेपटीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा, टॉर्च पोटाखाली पुन्हा एकदा फिरवा. ते नॅट असेल, तर सकाळी ज्यांच्याकडे तुम्ही नुसती चाकांची झाकणं म्हणून बघितलं होतं, त्यांच्या बिजागरांवर उजेड पाडा.